सगळ्यांना ‘हो’ म्हणणारी पोट्टी

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाण्याची एक रीत आहे. रिकाम्या हातानं जायचं नाही, डझनभर केळी नाहीतर बिस्किटांचा पुडा न्यायचा, खाटेच्या कडेला टेकायचं आणि तोंड अगदी जवळ नेऊन विचारायचं, “ओळखलं काय मले? कोण हाय मी, सांग बरं?” आजार कुठलाही असो. पाय मोडून पडलेल्यालाही हा प्रश्न चुकत नाही. माझ्या चुलत सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा असं विचारणाऱ्या एकाला ते म्हणाले होते, “बावा, पोट फाडलं माह्यं, डोक्षं नाई.”

माझ्या मुलीचं मात्र डोकंच उघडलं होतं.

ती तेव्हा पाचवीत होती. सकाळी उठल्याबरोबर उलटी व्हायची, मग डोकं धरून बसायची, दुपारपर्यंत एकदम चांगली. पित्त म्हणून झालं, चष्म्याचा नंबर काढून झाला, शाळा बुडवायचे बहाणे म्हणून रागावूनही झालं. मग ती चालताना एका बाजूला कलायला लागली, दाराच्या चौकटीला खांदा घासत घरात यायला लागली, तेव्हा आम्ही तिला अनसिंगहून वाशीमला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, तो उजेडात धरून बघितला आणि नागपूरला जा म्हणाले. मेंदूच्या मागच्या भागात, मानेच्या जरा वर, गाठ होती. नागपूरला ती काढली. नंतर रेडिएशन झालं, ज्याला आमच्याकडे सगळे ‘शेक’ म्हणतात, आणि मग सलाईनमधून द्यायची औषधं. त्या महिन्यांबद्दल मी इथे लिहिणार नाही. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्या वॉर्डातल्या प्रत्येक आईकडे तेच आहे.

एक सांगते. ऑपरेशननंतर ती कित्येक दिवस बोललीच नाही. डोळे उघडे, सगळं बघायची, पण तोंडातून शब्द नाही. या जागेच्या गाठीत असं होऊ शकतं, वाचा बहुतेक परत येते, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी आली वाचा. पहिलं वाक्य ती माझ्याशी बोलली नाही, झाडू मारणाऱ्या मावशींशी बोलली. त्या टीव्हीसमोर उभ्या होत्या. ही म्हणाली, “सरका न, मावशी.” मी इतके दिवस हात धरून बसलेली, आणि पहिला मान मावशीला! मला हसूही आलं आणि रडूही.

सुट्टी द्यायच्या आधी तिथल्या एका डॉक्टरबाईंनी तिची वेगळी तपासणी केली. ठोकळे जुळवायला दिले, चित्रं दाखवून झाकली, आकडे उलटे म्हणायला सांगितले. मग आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून साध्या भाषेत सांगितलं. हिची समज गेलेली नाही, वेग कमी झाला आहे. प्रश्न आत पोचायला वेळ लागतो, उत्तर जुळायला वेळ लागतो. एका वेळी एकच गोष्ट विचारा आणि विचारल्यावर थांबा. आधी पाठ झालेलं बरंचसं राहील. नवीन शिकणं जड जाईल, लवकर दमेल, आणि हे पुढच्या काही वर्षांत जास्त दिसेल, कारण बरोबरीची मुलं भराभर पुढे जातील.

माझा नवरा वाशीमच्या मार्केट यार्डात हर्रास पुकारतो. म्हणजे सोयाबीनच्या ढिगाभोवती व्यापारी उभे असतात, हा भाव ओरडत ओरडत वर नेतो, आणि जो विचार करत बसला त्याच्या हातून माल गेला. दिवसभर त्याचं तोंड चालू असतं आणि घरी आलं म्हणून ते लगेच बंद होत नाही. डॉक्टरबाईंचं त्यानं ‘समज गेलेली नाही’ एवढं ऐकलं आणि तिथेच त्याचा चेहरा उजळला. पुढचं ‘थांबा’ त्याच्या कानात शिरलंच नाही. बाहेर येऊन त्यानं सगळ्या नातेवाइकांना फोन लावले, “मेंदू एकदम ओके हाय, डॉक्टरनं लेखी देल्ल्यासारखं सांगतलं!”

मग काय, घरी आलो आणि रीघ लागली. केळी इतकी जमली की शेजारच्या बकऱ्यांची चैन झाली. प्रत्येक जण खाटेवर टेकायचा आणि तोच प्रश्न. कामरगावहून नवऱ्याची मावशी आली, जीप बदलून, धापा टाकत. लेकराच्या तोंडाजवळ तोंड नेलं. “ओळखलं काय मले?” मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मला दिसत होतं की उत्तर निघालंय, वाटेवर आहे. पण मावशीला कुठला दम! तिनं पदर तोंडाला लावला, “नाई ओळखलं वं माय! एवढी माह्या मांडीवर खेळली पोट्टी!” आणि सूर धरला. माझ्या सासूला ते सहन होईना. ती नातीच्या कानाशी वाकली, “ओळखलं न? कामरगावची आजी हाय. सांग हो म्हनून.”

“हो,” मुलगी म्हणाली.

झालं. मावशीचं रडणं थांबलं, चहा आला, सगळे खूश. माझी मुलगी त्या दिवशी एक गोष्ट शिकली. नवीन शिकणं जड जाईल म्हणून सांगितलेली ती मुलगी हे मात्र एका दमात शिकली, की ‘हो’ म्हटलं की माणसं चेहऱ्यासमोरून बाजूला होतात.

त्यानंतर ती सगळ्याला हो म्हणायला लागली. जेवली काय? हो. बरं वाटते काय? हो. दुखते काय? हो. घरचे म्हणायचे, पाहा, कशी बोलते, कसं सगळं समजते. मलाही आधी बरंच वाटलं. मी गावातलं सार्वजनिक वाचनालय सांभाळते, सकाळी पेपर मांडते, संध्याकाळी पुस्तकं देते-घेते. एक दिवस निघताना मी तिला विचारलं, “माह्यासंगं वाचनालयात येतं का घरी राह्यतं?”

“हो,” ती म्हणाली.

मी चपला घालता घालता थांबले. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. दोन महिने ही पोरगी आमच्याशी बोलत होती असं आम्ही समजत होतो, आणि ती फक्त आम्हाला वाटेला लावत होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो चिडला. रविवारी आम्ही विहारात वंदनेला गेलो तेव्हा तिनं सगळ्यांबरोबर त्रिशरण, पंचशील अगदी सफाईनं म्हटलं. त्यानं मला कोपरानं ढोसलं, “पाह्य. एक अक्षर तरी चुकलं काय?” मी म्हटलं, ते जुनं पाठ आहे, ते येणारच, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तो म्हणाला, “तुले कायचंच समाधान नाई.” हे तो एकटाच म्हणत नव्हता. सगळं गाव म्हणत होतं. जीव वाचला न, मंग आता आणखी काय पाह्यजे? जास्त हाव करू नये बाई. मला असा संताप यायचा! जीव वाचला म्हणजे तो काय पेटीत घडी घालून ठेवायचा आहे? त्या जीवाला पुढं पन्नास-साठ वर्षं काढायची आहेत या दुनियेत.

वर्षभरानं ती शाळेत परत गेली, सहावीत. मुख्याध्यापक मनानं चांगले. त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं, गृहपाठ माफ केला, मुलांना ताकीद दिली की हिला धक्का लावायचा नाही. “परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, वहिनी,” मला म्हणाले, “आम्ही करू पास. पोरगी येऊन बसते हेच खूप आहे.” लग्नात लांबून आलेल्या पाहुणीला बसवतात तशी ती बसली. पाहुणीला कुणी काम सांगत नाही आणि पाहुणीला कुणी काही शिकवतही नाही.

एकदा मी डबा द्यायला गेले तेव्हा व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. वर्गशिक्षिका फळ्यावर गणित सोडवून वळल्या आणि विचारलं, “समजलं का सगळ्यांना?” सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “हो मॅडम!” आणि तो आवाज विरून गेल्यावर, मॅडमनी डस्टर उचलल्यावर, पहिल्या बाकावरून एकटीचा आवाज आला, “हो मॅडम.” मुलं फिदीफिदी हसली. मॅडम तिच्याकडे बघून मायेनं हसल्या आणि फळा पुसला.

तिथे मला माझी भीती पहिल्यांदा नीट कळली. ही अशीच आठवीपर्यंत वर सरकत जाईल, सगळ्यांच्या मायेत, एकही नवी गोष्ट न शिकता. आणि तिला काय येत नाही हे कुणालाच कळणार नाही, कारण ती सांगणार नाही. मला तिच्या तोंडून एक ‘नाही’ पाहिजे होतं. बाकी काही नको, एक खरंखुरं ‘नाही’. ते आलं तर तिला शिकवता येईल. नाही आलं तर ती आमच्यात राहूनही आमच्या हाताला लागणार नाही.

शाळा सुटल्यावर मी तिला वाचनालयात आणायला लागले. आधी थोडं पडू द्यायचे, कारण दमलेली असली की काहीच आत जात नसे. मग समोर बसवून विचारायचे. पहिल्या दिवशी विचारलं, “म्हैस झाडावर चढते काय?”

“हो.”

“बरं,” मी म्हटलं आणि गप्प बसले. आता गप्प बसणं ही आमच्या भागात साधी गोष्ट नाही. इथे माणूस गप्प बसला की लोक विचारतात, काय बिनसलं? माझ्या जिभेला तर खाज सुटली. म्हणून मी हाताला काम दिलं, फाटक्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसले. तेवढ्यात पेपर वाचत बसलेल्या एका रिटायर्ड काकांनी चष्म्यावरून बघत सांगून टाकलं, “नाई चढत, बेटा! म्हैस कुठी झाडावर चढते काय!”

“काका,” मी म्हटलं, “तुमाले विचारलं काय मी?”

काका बावरले. वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, ती मी बोटानं दाखवली. ती पाटी इतकी वर्षं भिंतीवर होती, पण तिचा उपयोग मी पहिल्यांदा केला. काका बिचारे पेपरात तोंड घालून बसले, पण तेही कान देऊन होते हे मला दिसत होतं.

रोज असा एखादा वेडावाकडा प्रश्न आणि मग कव्हर. रोज ‘हो’. काही दिवसांनी ‘हो’ यायला उशीर लागायला लागला. ते मला चांगलं लक्षण वाटलं. मग एकदा मी पुन्हा म्हशीवर आले. पुस्तकाला कव्हर घालून झालं, दुसरं घेतलं, तेही होत आलं, आणि ती म्हणाली, “नाई चढत.” मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं पुढचं आलं, “म्हैस भारी राह्यते. फांदी मोडीन.”

काकांनी पेपर खाली ठेवून टाळी वाजवली. मी त्यांना काही बोलले नाही. मला इतका आनंद झाला होता की मी तिला तिथेच टेबलावरून ओढून मिठी मारली, आणि ती म्हणाली, “आई, कव्हर चुरगळलं.”

पण हे फक्त वाचनालयात आणि फक्त माझ्याजवळ. संध्याकाळी नवरा यार्डातून यायचा, गाडी लावता लावताच सुरू, “काय मग, शाळेत गेली होती काय? काय शिकवलं? डबा खाल्ला काय?” आणि ती, “हो.” मी दोनदा समजावलं, एकच विचारा आणि थांबा. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. “तुमी पोरीचा हर्रास करून राह्यले काय?” मी म्हटलं. तो एकदम गप्प झाला. जेवला नाही, अंगणात खाट टाकून पडला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो गप्प राहू शकतो, एवढं तरी त्या दिवशी कळलं.

वर्ष संपत आलं तेव्हा मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, सर, तिला नुसतं वर ढकलू नका. रोज शाळा सुटताना थोडा वेळ कुणी तिला एकटीला एकच गोष्ट शिकवा, आणि समजली नाही तर पुन्हा शिकवा. ते गोंधळले. “पण वहिनी, तिला समजतं. मी रोज विचारतो, रोज हो म्हणते.”

“तिले समजत नाई म्हनूनच हो म्हनते, सर.”

त्यांना ते पटलं नाही, आणि खरं म्हणजे थोडं लागलंही. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं. यार्ड बंद होतं म्हणून नवराही माझ्याबरोबर आला होता. वर्गशिक्षिका आल्या. सरांनी कोऱ्या कागदावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं आणि भराभर सोडवून दाखवलं, खालचे आकडे सारखे करून घ्यायचे, मग वरचे मिळवायचे. “समजलं ना?” त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की आता बघा.

ती कागदाकडे बघत राहिली. मी मनातल्या मनात हात जोडले होते. तिनं आता हो म्हटलं की संपलं, सरांचं खरं झालं, पुढची दोन वर्षं ती पहिल्या बाकावर बसून राहणार. पंखा करकरत होता. बाहेर पोरांचा कबड्डीचा दंगा चालू होता. वर्गशिक्षिकांच्या तोंडून “अगं बाळा…” एवढं निघालं आणि मी हात वर केला. नवऱ्यानं तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, चांगला दाबून. त्यानं तोंड मिटलं. सरांनी घड्याळाकडे बघितलं, खुर्चीत चुळबुळ केली, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. चार मोठी माणसं एका पोरीसमोर गप्प बसली होती आणि चौघांनाही ते जड जात होतं.

मुलीनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही, सरांकडे बघितलं.

“नाई,” ती म्हणाली.

“काय नाही?”

पुन्हा थांबणं. या वेळी सर स्वतःच थांबले.

“नाई समजलं. खालचे आकडे काहून नाई मिळवत?”

सर कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. एक गोल काढला, भाकरी म्हणून. त्या दिवशी त्यांनी तिला भाकरी कशी वाटतात ते सांगितलं, एकच गोष्ट, आणि अध्येमध्ये स्वतःहून थांबत गेले. शेवटी विचारलं, समजलं का? बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “अर्धं.” सर हसले आणि वर्गशिक्षिकांना म्हणाले, “मॅडम, उद्यापासून सुटल्यावर बसवा हिला. मीही बसत जाईन.” मी नुसती मान हलवली आणि पदरानं तोंड पुसलं.

आम्ही तिघं पायीच घरी निघालो. ती मधे. अजूनही थोडी कलते, म्हणून तिचा हात धरावा लागतो. एक हात माझ्याकडे होता, एक त्याच्याकडे. मग तिनं विचारलं, “आई, मी पयले हुशार होती काय?”

“अवं, तू त आताबी…” नवऱ्यानं सुरुवात केली आणि मधेच थांबला. माझ्याकडे न बघता, स्वतःहून थांबला. मान खाली घालून चालत राहिला.

मला उत्तर द्यायचं होतं. सोपं उत्तर तोंडाशी आलं होतं, कुठल्याही आईच्या येईल ते. पण मी वर्षभर या मुलीकडून खरं बोलणं मागत होते. मी चालत राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, पण घाई करत नव्हती. आमच्या घरात वाट बघणं तिच्याइतकं कुणालाच येत नाही.

“होती,” मी म्हणाले. “लय हुशार होती. एका झटक्यात समजे तुले सगळं. आता समजते, पन येळ लागते.”

ती ऐकून घेत चालत राहिली. रस्त्यात एक ट्रॅक्टर आला, आम्ही कडेला झालो, तो गेला, पुन्हा रस्त्यावर आलो. मला वाटलं विसरली.

“लागू दे न मंग,” ती म्हणाली.